अकेदा शिकताना ‘घे ना’पाशी थांबा

सोलापुरात रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, बोलावून वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांसाठी तोराहचा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाचा, वर्ग घ्यायचा तर आधी वार ठरवावा लागतो. शुक्रवारी दुपारी जुम्मा, त्याच दिवशी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागतो, रविवारी सकाळी चर्च. शब्बाथ पाळणारे रब्बी त्या काळात प्रवास करत नाहीत, लिहीतही नाहीत. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. मुंबईहून येणाऱ्यांना मग रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून रविवारी सकाळी पोचता येतं. वर्ग रविवारी दुपारी चारला ठेवावा. चहासोबत केळी, पेरू अशी अख्खी फळं ठेवली की कोशरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांचा, प्रश्न उरत नाही.

माणसं सम संख्येत हवीत, बारा पुरेत. ज्यू परंपरेत धडा जोडीनं वाचतात, त्या जोडीला हव्रुता म्हणतात. जोडी दोन धर्मांची असावी, पण भाषा एक असावी. तेलुगू घरातल्या माणसाला केवळ मराठी वाचणाऱ्यासोबत बसवलं की तो गप्प राहतो. सतरंजीवर बैठक असेल तर पुस्तक जमिनीवर ठेवू नये, रेहल किंवा पोथीचं घडीचं व्यासपीठ प्रत्येक जोडीला द्यावं. ‘जुना करार’ हा शब्द रब्बींसमोर टाळावा, कारण त्यात नवा करार गृहीत धरलेला असतो. ते ‘तनाख’ म्हणतात. देवाचं चार अक्षरी नाव ते उच्चारत नाहीत, म्हणून ‘यहोवा’ असं मोठ्यानं वाचू नये. ‘हाशेम’ म्हणजे ‘ते नाव’ असं म्हणावं.

पहिल्या दिवशी बेरेशित म्हणजे उत्पत्तीचा २२ वा अध्याय घ्यावा, तोही ओळ १ ते ८ एवढाच. दीड तासात याहून जास्त उरकायला गेलं की वर्गाचं प्रवचन होतं. त्यात देव अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक होम म्हणून अर्पण करायला सांगतो. ज्यू या प्रसंगाला ‘अकेदा’ म्हणतात, म्हणजे बांधणं. बळी म्हणत नाहीत, आणि हा फरक सुरुवातीलाच सांगावा.

खरं काम दुसऱ्या ओळीत आहे. हिब्रूत क्रम असा: घे ना, तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्यावर तू प्रेम करतोस तो, इसहाक. पहिला शब्दगट ‘कख्-ना’. यातलं ‘ना’ आपल्या मराठी ‘ना’सारखंच विनवणीचं आहे. अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी (१०४०–११०५) म्हणतात की ‘ना’ ही केवळ विनंती. आज्ञा मानून वाचलेली ओळ इथे एकदम हलते. पुढच्या तुकड्यांत राशींना देव आणि अब्राहाम यांचा संवाद ऐकू येतो. ‘तुझा मुलगा.’ मला दोन आहेत (इसहाक आणि इस्माईल). ‘एकुलता एक.’ हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा. ‘ज्यावर प्रेम करतोस तो.’ दोघांवरही करतो. ‘इसहाक.’ भाषांतरात हे तुकडे एका वाक्यात विरघळले की राशींचं भाष्य कळतच नाही. म्हणून फळ्यावर चार तुकडे चार ओळींत लिहावेत, आणि दहा मिनिटं जोड्यांना त्यावरच ठेवावं.

इथे मुस्लिम विद्यार्थी विचारणारच: तो इस्माईल ना? उत्तर आडवळणानं देऊ नये. कुराणात (सूरा म्हणजे अध्याय ३७) मुलाचं नाव नाही. बहुतेक मुस्लिम विद्वान इस्माईल मानतात, काही जुन्या भाष्यकारांनी इसहाक मानला. तोराह इसहाक म्हणते. कुराणात बाप मुलाला ‘तुझं काय मत?’ असं विचारतो, तोराहत मुलगा बापाला ‘कोकरू कुठे आहे?’ असं विचारतो. हा फरक पाहायला सातवी ओळ पुन्हा वाचावी.

लिंगायत आणि हिंदू घरांतले लोक चिलयाबाळाची गोष्ट काढतील. ती जरूर घ्यावी, मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी घेतली तर सगळे आपापल्या गोष्टीत रमतात आणि हिब्रू ओळ बाजूलाच पडते. तुलना उपयोगी पडते ती आईमुळे. चांगुणा तिथे सगळा भार उचलते, आणि या अध्यायात इसहाकाची आई सारा कुठेच नाही. पुढचा अध्याय तिच्या मृत्यूनं सुरू होतो. राशी दोन्ही जोडतात: मुलगा कापला जाण्याच्या उंबरठ्यावर होता हे कळलं आणि तिचा जीव गेला.

वर्ग संपवताना ओळ १९ दाखवावी. अब्राहाम नोकरांकडे परत येतो. इसहाकाचं नाव तिथे नाही. तो कुठे गेला, हा प्रश्न फळ्यावर लिहून पुढच्या रविवारपर्यंत तसाच ठेवावा.