उपाशीपोटी १०४, दोन तासांनी २१२

गरोदरपणात मधुमेह निघालेल्या बायकांचं समुपदेशन हे माझं काम. नऊ महिने या बायका एकही तारीख चुकवत नाहीत. बोटं टोचून टोचून दुखरी झाली तरी वहीत साखरेचे आकडे लिहून आणतात. बाळ हातात आलं की वही बंद होते.

त्या दिवशी लसीकरणाच्या रांगेत ती दिसली. गरोदरपणात इन्सुलिनवर होती, म्हणून चेहरा लक्षात राहिलेला. बाळ दीड महिन्याचं. "तुमची तपासणी झाली का?" विचारलं, तर तिने डिस्चार्जचा कागद पुढे केला. 'शुगर नॉर्मल.'

"मॅडम, ते गेलं सगळं. इन्सुलिनसुद्धा बंद केलं डॉक्टरांनी."

कागदावरच्या 'शुगर नॉर्मल' या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो. वार पडली की तिच्यातली संप्रेरकं जातात, इन्सुलिनला होणारा अडथळा ओसरतो आणि साखर उतरते. त्या दिवसापुरतं ते खरंच असतं. पण अशा बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. 'सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी' एवढी एक ओळ त्याच कागदावर लिहायला कितीसा वेळ लागतो?

बाळाच्या गडबडीत तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रात्री कधी जेवली ते विचारलं, आठ तास सहज उलटले होते. मग मी तिला सोडलंच नाही. लॅबमधल्या सहकाऱ्याचं म्हणणं, एचबीए१सी (लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) करून मोकळं करा, बसवून कशाला ठेवायचं? पण बाळंतपणात रक्त जातं, नव्या लाल पेशी तयार होत असतात, त्यामुळे इतक्या लवकर तो आकडा फसवा कमी येऊ शकतो. आधी उपाशीपोटी रक्त घेतलं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. घटाघट प्यायलं तर मळमळतं आणि उलटी झाली की तपासणी वाया जाते, म्हणून मी शेजारी बसून एकेक घोट प्यायला लावला. पुढचे दोन तास एका जागी बसायचं.

तेवढ्यात बाळाला लस टोचली, ते रडायला लागलं. तिने घाबरून विचारलं, "आता पाजलं तर चालेल?" चालतं. बिनधास्त पाजावं. हे कुणी सांगतच नाही आणि दोन तास बाळाला उपाशी ठेवावं लागेल या धास्तीने कितीतरी जणी तपासणीला येतच नाहीत.

उपाशीपोटी १०४, दोन तासांनी २१२. नुसती उपाशीपोटीची केली असती तर 'जरा काठावर आहे' म्हणून ती घरी गेली असती. दोन तासांनंतरचा आकडा २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची हद्द. मात्र काही लक्षणं नसताना एवढ्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासावं लागतं.

आकडे ऐकून तिचा पहिला प्रश्न : "माझ्या दुधातून बाळाला काही होणार नाही ना?" नाही, उलट पाजणं दोघांच्याही फायद्याचं, असं सांगितलं. स्वतःबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या तपासणीला ती आली नाही. फोन केला तर घरातल्या कुणीतरी उचलला. "ती ठणठणीत आहे, बाळ लहान आहे, बघू." एक सहकारी म्हणते, भीती घाला, धावत येतील. मला ते पटत नाही. घाबरलेली बाई तपासणीच टाळते. पण हेही खरं की पुढचं मूल राहताना साखर अशीच चढी असेल, तर दिवस गेल्याचं कळायच्या आधीच बाळाच्या अवयवांवर परिणाम होऊ शकतो. हे तिला सांगायलाच हवं. ते कसं सांगायचं, यावर मी अजून विचार करतेय.

बाळाच्या पुढच्या लसीची तारीख कार्डावर आहे. त्या तारखेला ती नक्की येणार. लसीकरणाच्या सिस्टरांना सांगून ठेवलंय, तपासणीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही आधीच घेतली आहे. काल पुन्हा फोन केला, या वेळी तिनेच उचलला. उपाशीपोटी यायला सांगितलं. "बघते" म्हणाली.