फाटका भोंगा आणि कानस

"एका कर्ण्याचा स्वर उतरलाय. तोंडाची कड थोडी घासू का?" आज एका अमेरिकन रेल्वे इंजिनाच्या जुन्या पाचकर्णी भोंग्याबद्दल आलेला हा प्रश्न. कानस हातात तयारच होती म्हणे!

ते 'थोडी' दिवसभर डोक्यात राहिलं.

के-५-एलए या पाचकर्णी मॉडेलचे पाच स्वर साधारण ३११, ३७०, ४१५, ४९४ आणि ६२२ हर्ट्‌झ. स्वर ठरतो मुख्यतः कर्ण्याच्या लांबीवर. तोंडाची कड घासली की लांबी घटते, स्वर चढतो, आणि कापलेली धातू परत लावता येत नाही.

आधी आत टॉर्च मारा. कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, तर निम्मं काम झालं. मग मागचं झाकण उघडून पडदा (थरथरून आवाज काढणारी पातळ चकती) बघा: तडा, बाक, गंज. पडदा जिथे टेकतो ती कड खड्ड्यांनी खाल्ली असेल तर हवा गळते, आवाज घोगरा येतो. जाड काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून ती कड आठाच्या आकारात, हलक्या हाताने सपाट करा. कानस नको. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळले की पडदा तिरका बसतो.

आणि थर्मामीटर? हवा तापली की स्वर चढतो: २० अंश सेल्सिअसला ३११ वाजणारा कर्णा ३५ अंशांना ३१९ च्या आसपास जातो. जवळजवळ पाव स्वर!

थंडीच्या सकाळी उतरलेला वाटणारा कर्णा दुपारी तपासला होता का?