‘राजकीय’ या एका शब्दापायी अकरा दिवस

सभागृहाच्या अर्जात मी ‘राजकीय तत्त्वज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावरील चित्रपट’ असं लिहिलं आणि तिथेच घोडं अडलं. खिडकीवरच्या साहेबांनी ‘राजकीय’खाली लाल रेघ ओढली. “राजकीय कार्यक्रम? मग पोलिसांचा ना हरकत दाखला आणा.”

ठाण्यात गेले, तर “आधी सभागृहाची पावती दाखवा.” परत खिडकीवर, तर “दाखल्याशिवाय पावती फाडता येत नाही.” असे अकरा दिवस हेलपाटे. अर्ध्या दिवसाच्या तीन रजा त्यात गेल्या.

“त्याऐवजी ‘थोर पुरुष’ लिहा, आत्ता मंजूर करतो,” असंही सुचवून झालं. मला ते फार लागलं. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नाही, एकत्र जगण्याची रीत आहे, हे बाबासाहेबांनी मांडलं. हे राजकीय तत्त्वज्ञान नाही तर काय? १९३६ साली त्यांना भाषणाला बोलावणाऱ्या लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला त्या भाषणातला मजकूर खटकला, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवून त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. त्यांच्यावरचा चित्रपट दाखवायचा म्हणून मी शब्द खोडायचा? नाही खोडला.

शेवटी त्याच कार्यालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी वाट दाखवली. अर्ज आवक-जावकला द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या, आणि ‘तारीख तात्पुरती राखून ठेवली आहे’ एवढं एका ओळीचं पत्र मागा. त्या पत्रावर दुसऱ्याच दिवशी दाखला मिळाला! हे पहिल्या दिवशीच करा.

हो, घरात डीव्हीडी आहे म्हणून जाहीर खेळ लावता येत नाही. हक्कधारकांची लेखी परवानगी आम्ही आधीच घेतली होती, ती ठाण्यात बघितली गेली. जब्बार पटेलांचा हा चित्रपट मूळ इंग्रजीत आहे. हिंदी हवा असेल तर तेव्हाच सांगा.

आम्हाला २५ नोव्हेंबरच हवी होती. १९४९ साली त्याच दिवशी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील. तारीख मिळाली. पण चित्रपट तीन तासांचा आणि सभागृह घेतलेलं साडेतीन तास. खुर्च्या आणि प्रोजेक्टर लावण्यातच अर्धा तास गेला. तुम्ही पाच तास घ्या. आमची चर्चा बाहेर पायऱ्यांवर झाली, फाटक बंद होईपर्यंत, आणि चाळीसेक माणसं थंडीत थांबली होती.