लॉ फर्मसाठीचे कव्हर लेटर आणि सातबारा वाचता येणारे उमेदवार

मुंबईत फोर्ट आणि लोअर परळ भागातील लॉ फर्मकडे येणारे बायोडेटा साधारणपणे एकाच साच्यातले असतात. मूट कोर्ट (सरावासाठीचे लुटुपुटीचे खटले), इंटर्नशिप, छापून आलेला एखादा लेख आणि परीक्षांचे गुण एवढे त्यात असते. उमेदवाराने काय काय केले हे त्यावरून समजते, पण तो लिहितो कसा हे समजत नाही; आणि फर्ममधील सुरुवातीची वर्षे तर नोटिसा, करार, सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) आणि अशिलांना पाठवायची पत्रे लिहिण्यातच जातात. त्यामुळे कव्हर लेटर वाचणारा भागीदार त्याकडे ड्राफ्टिंगचा नमुना म्हणूनच पाहतो. मी स्थावर मालमत्तेचे काम करतो आणि असे अर्ज माझ्याही टेबलावर येतात. येथे जे लिहितो आहे ते मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेल्या आणि तिथल्याच वकिलांकडे काम केलेल्या उमेदवारांसाठी आहे.

‘मला मालमत्ताविषयक कायद्यात विशेष रस आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. त्याऐवजी साताऱ्याकडच्या एखाद्या उमेदवाराने असे लिहिले आहे अशी कल्पना करा: ‘सीनियरांकडे असताना एका शेतजमिनीचा तीस वर्षांचा सर्च मी घेतला. सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावे होती. जुने फेरफार काढले तेव्हा बहिणीचे नाव केवळ तिच्या जबाबावरून कमी केल्याचे दिसले. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेही सापडले नाही. सर्च रिपोर्टमध्ये मी ही त्रुटी नोंदवली आणि खरेदीखतात बहिणीलाही लिहून देणार म्हणून सामील करून घ्यावे, असे सुचवले.’ एवढ्या चार-पाच वाक्यांवरून वाचणाऱ्याला कळते की फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही हे या उमेदवाराला ठाऊक आहे, कोणते दस्त नोंदवलेच पाहिजेत हे सांगणारे 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 17 त्याने परीक्षेपुरते पाठ केलेले नाही, आणि अडचण दिसल्यावर तिच्यावरचा उपायही तो सुचवतो. अशा उमेदवाराला मुलाखतीला बोलावताना मी त्याचे गुण पाहण्याच्या भानगडीत पडत नाही.

आश्चर्य याचे वाटते की ज्यांच्याकडे हा अनुभव असतो, तेच तो लपवतात. तालुका कोर्टातील काम आणि मराठी माध्यमातील शिक्षण मुंबईच्या फर्मला कमी दर्जाचे वाटेल, असा त्यांचा समज असतो. वास्तविक पनवेल, कर्जत किंवा भिवंडीकडच्या जमिनीचा व्यवहार हाती आला की सारी फाइल मराठीच असते, आणि जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर मोठमोठ्या पदव्यांची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. सातबारा, आठ-अ आणि फेरफार स्वतः वाचून त्यांचा गोषवारा नेटक्या इंग्रजीत देता येत असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात लिहावे. मोडी येत असेल तर तेही अवश्य लिहावे.

असे काम सांगताना अशिलाचे नाव, गावाचे नाव आणि गट क्रमांक मात्र येता कामा नये. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचे बंधन 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहेच. पण कलम बाजूला ठेवले तरी, जो आज जुन्या सीनियरांची प्रकरणे नावानिशी सांगतो तो उद्या आमचीही सांगेल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

भाषेबद्दल एवढेच की कव्हर लेटर म्हणजे दावा नव्हे. ‘अत्यंत नम्रतापूर्वक सादर करण्यात येते की’ या थाटाची इंग्रजी वाक्ये कोर्टापुढे चालतात, नोकरीच्या अर्जात ती हास्यास्पद वाटतात. पत्र एका पानाच्या आत संपावे.

फर्मचे नाव तिच्या संकेतस्थळावर पाहूनच लिहावे. अमरचंद मंगलदास ही फर्म 2015 मध्ये विभागली आणि सिरिल अमरचंद मंगलदास व शार्दुल अमरचंद मंगलदास अशा दोन स्वतंत्र फर्म झाल्या. एकीकडच्या अर्जात दुसरीचे नाव राहिले, तर पुढचे पत्र कितीही चांगले असले तरी ते वाचण्याची इच्छा राहत नाही. करारातील पक्षकारांची नावे हा माणूस कशी तपासणार, असा प्रश्न तिथेच पडतो.

शेवटच्या परिच्छेदात व्यवहाराच्या गोष्टी स्पष्ट असाव्यात: बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद मिळाली आहे की अर्ज प्रलंबित आहे, एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) उत्तीर्ण आहात की निकालाची वाट पाहत आहात, आणि सध्याच्या सीनियरांकडून कोणत्या तारखेला मोकळे होऊ शकता. बरेच जण हे लिहीतच नाहीत, आणि मग एवढ्यासाठी आम्हाला फोन करावा लागतो. पगाराची अपेक्षा पत्रात लिहू नये. तो विषय मुलाखतीनंतर फर्मकडूनच निघतो.