शेअर केलेला फोल्डर कधी उघडतो, कधी नाही: घरच्या नेटवर्कचा माझा अनुभव

डेस्कटॉपवर शेअर केलेला फोल्डर घरातल्या लॅपटॉपवरून कधी लगेच उघडायचा, तर कधी ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा एरर यायचा. सगळीकडे विंडोजच. कायमचं बंद पडलेलं शोधणं त्या मानाने सोपं असतं. अधूनमधून बिघडणारं अवघड, कारण आपण एखादी सेटिंग बदलतो, त्याच सुमारास सगळं आपोआप चालू होतं आणि खरं कारण तसंच राहून जातं. म्हणून बिघाड समोर असतानाच तपासायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवून टाकलं.

एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ यादीकडे सुरुवातीला बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यादीत संगणक दिसणं आणि त्यावरचा फोल्डर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दिसण्याचं काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी (नेटवर्कवरचे संगणक शोधणारी पद्धत) करतं, यूडीपी पोर्ट ३७०२ वर; पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार. फोल्डर उघडतो एसएमबीमुळे (विंडोजचा फाइल शेअर करण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच), टीसीपी पोर्ट ४४५ वर. यादी रिकामी असतानाही फोल्डर व्यवस्थित उघडू शकतो. यादी परत आणण्यासाठी ‘एसएमबी १ (त्याची सर्वात जुनी आवृत्ती) चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून तो सहसा आपोआप इन्स्टॉल होत नाही. त्याऐवजी ज्या संगणकावर फोल्डर आहे, तिथे सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ऑटोमॅटिक करावी. यादीचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

आता मूळ तपासणी. फोल्डर उघडत नसताना रन खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा आयपी पत्ता टाकला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. आयपीने उघडतो पण नावाने नाही, तर दोष नाव ओळखण्यात असतो. मग राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटणाऱ्या) विभागात त्या संगणकाच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवायचा आणि ड्राइव्ह आयपीनेच मॅप करायचा, म्हणजे शेअर केलेला फोल्डर ड्राइव्हसारखा जोडायचा. राखीव नसेल तर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि कालचा मॅप केलेला ड्राइव्ह आज भलतीकडे बोट दाखवतो.

आयपीनेही उघडत नसेल, तर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा तोच आयपी आणि पोर्ट ४४५ देऊन चालवतो. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर पासवर्ड, परवानग्या यांत शिरायचंच नाही. तिथपर्यंत आपण पोहोचलेलोच नसतो. अशा वेळी माझ्याकडे तीन कारणं आलटूनपालटून सापडली, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच सगळं गूढ वाटत होतं.

डेस्कटॉप झोपी जाणं हे सर्वात मोठं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ केलं. स्क्रीन बंद झाली तरी चालते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूणही काढली.

दुसरं कारण नेटवर्क प्रोफाइल. राउटर बदलला किंवा नवं वाय-फाय जोडलं की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, प्रोफाइल ‘पब्लिक’ होऊ शकतं आणि मग फायरवॉल शेअरिंग अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करावं. फायरवॉल पूर्ण बंद करून बघण्याची गरज नाही.

तिसरं, दोन राउटर. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायच्या खाचेत) केबल लावली की त्याच्यामागे वेगळा सबनेट, म्हणजे पत्त्यांचा वेगळा गट, तयार होतो. एक लॅपटॉप १९२.१६८.०, दुसरा १९२.१६८.१ मालिकेत. प्रायव्हेट प्रोफाइलमधला फायरवॉलचा शेअरिंग नियम फक्त स्थानिक सबनेटला वाट देतो. शिवाय पहिल्या राउटरला जोडलेला संगणक दुसऱ्या राउटरच्या नॅटमागे (आतले पत्ते बाहेर न दाखवणाऱ्या व्यवस्थेमागे) असलेल्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे लॅपटॉपने कुठलं वाय-फाय पकडलंय यावर फोल्डर उघडणं अवलंबून राहतं. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (स्वतंत्र नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय देणाऱ्या) टाकला की संपलं. गेस्ट वाय-फाय किंवा एपी आयसोलेशनमुळेही (वाय-फायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या सेटिंगमुळेही) हेच लक्षण दिसतं.

पोर्ट उघडा आहे पण पासवर्ड नाकारला जातो, ही पुढची पायरी. पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. आणि कोरा पासवर्ड असलेल्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. पासवर्ड बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (जिथे विंडोज पासवर्ड साठवतं) जुनी नोंद काढावी. नावाची आणि आयपीची नोंद वेगवेगळी असते, दोन्ही पाहाव्यात. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं तर शेअरची परवानगी आणि सिक्युरिटी टॅबमधली परवानगी अशा दोन्ही तपासाव्यात, कारण दोन्हींतली कडक असेल तीच लागू होते. पासवर्ड न विचारणारं, नेटवर्कला जोडलेलं जुनं स्टोरेज २०२४ च्या विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीनंतर उघडेनासं होऊ शकतं, कारण एसएमबी सायनिंग (संदेशांवर डिजिटल सही) सक्तीचं झालं आणि गेस्ट, म्हणजे पासवर्डशिवायचा, प्रवेश त्यात बसत नाही. स्टोरेजवर खातं आणि पासवर्ड तयार करणं हाच योग्य इलाज.

मॅप केलेल्या ड्राइव्हवर कधीकधी लाल फुली दिसते आणि क्लिक केल्यावर तो उघडतो, त्याकडे मी दुर्लक्ष करतो. १५ मिनिटं वापर नसला की सर्व्हर जोडणी सोडतो, एवढाच त्याचा अर्थ.