मोजणीत न सापडलेली चूक

एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार होणाऱ्या केंद्रातील, समुपदेशकाचा निम्मा वेळ गोळ्या मोजण्यात जातो, हे बाहेर सांगून कोणाला पटत नाही. रुग्णाने डबी आणायची, आम्ही उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि 95 टक्क्यांहून अधिक डोस पोटात गेले का, याचा हिशेब मांडायचा.

पेडण्याकडील एका मावशींचा हा हिशेब सतरा वर्षे चोख होता. गेल्या चवथीनंतर मात्र त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, 1,340 आला. हजाराच्या वर गेला की आम्हाला धडकी भरते. "सणाच्या गडबडीत चुकल्या असणार," असे सहकाऱ्याने त्यांच्या तोंडावरच सांगून टाकले. आमच्याकडे अहवाल बिघडला की रुग्ण खोटारडा ठरतो. मावशींनी मुकाट्याने डबी पुढे सरकवली. मोजणी बरोबर निघाली. गोळ्या फेकूनही मोजणी जुळवता येते, हा संशय माझ्याही मनात येऊन गेला.

अखेर मी त्यांना उठल्यापासूनचा दिनक्रम सांगायला लावला. सकाळी अनशापोटी आमची गोळी, विसरू नये म्हणून तिच्याच जोडीला गुडघ्यांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी आणि वर पित्ताचे पातळ औषध! आमच्या गोळीतील डोल्युटेग्राव्हिर हे कॅल्शियम आणि पित्ताच्या औषधातील मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते आणि आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. म्हणून ते पित्ताच्या अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे असते. कॅल्शियम त्याच्यासोबत घ्यायचेच असेल, तर दोन्ही जेवणाबरोबर घ्यावीत. पूर्वीच्या, रात्री घ्यायच्या एफाव्हिरेन्झच्या गोळीला हे पथ्य नव्हते.

"त्या डॉक्टरांना तुम्ही आजाराचे सांगितले नाही?"

"म्हापशाच्या त्या मुलाला कोंडून ठेवले, तेव्हा मी वीस वर्षांची होते," एवढेच त्या म्हणाल्या.

तो मुलगा म्हणजे डॉमिनिक डिसोझा; 1989 साली त्यांना एचआयव्ही असल्याच्या कारणावरून 64 दिवस डांबले होते. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करण्यास मनाई करणारा 2017 चा कायदा मी मावशींना समजावला. त्यांनी ऐकून घेतले, पटल्यासारखे मात्र दिसले नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत विषाणू आढळले नाहीत. गुडघ्यांच्या डॉक्टरांना अजूनही काही ठाऊक नाही. त्या दिवशी नोंद करण्यासाठी मी मावशींचे जुने कागद उलगडले, तर 'इतर औषधे' या रकान्यात मागच्या चारही भेटींना 'नाही' असे लिहिलेले होते. अक्षर माझेच होते, आणि त्यांतल्या एकाही वेळी मी त्यांना तसे विचारल्याचे मला आठवत नाही.