उघडा टाका

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला टीव्हीचा रिमोट हरवतो, हा घरोघरचा नेम. मग कुणीतरी सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालतं आणि रिमोटच्या आधी तिथून दोन शेंगदाणे, एक रुपयाचं नाणं आणि क्रोशाची सुई निघते. जी सुई परवापासून सगळं घर शोधत होतं, तीच. टीपॉयवर अर्धवट विणलेला गोल पडलेला आणि त्याच्या कडेला एक फास तसाच उघडा. दोन दिवसांत त्यावरून पेपर फिरला, चहाची कपबशी फिरली, घरातल्या धाकट्याने एकदा तो डोक्यावर ठेवूनही पाहिला. उसवलं किती, तर तीन टाके.

छंद निवडताना लोक भलतंच विचारतात. आवड आहे का, हात वळतो का, सामान केवढ्याला पडतं. घरात चार माणसं असली की खरा प्रश्न एकच असतो: मध्येच उठता येतं का? जलरंगात नाही येत. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अर्ध्यावर असताना दाराची बेल वाजली आणि पार्सल घेऊन परत आलं, की ओली कड वाळून तिथे कायमची रेघ पडलेली असते. घाईने वरून पाणी फिरवलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग. दोन सुयांच्या विणकामात ऐंशी टाके एका सुईवर जिवंत बसलेले असतात. सुई निसटली की एकेक टाका शिडीच्या पायऱ्यांसारखा खालपर्यंत घसरत जातो. क्रोशात जिवंत फास एकच. बाकीचे सगळे आपापल्या जागी बंद झालेले. उठताना तो फास बोटभर लांब ओढायचा, सुई काढायची आणि जायचं. परत आल्यावर सुई घालून गुंड्याकडचा दोरा ओढला की फास पुन्हा मापात.

अर्थात सुई परत जागेवर ठेवायची, हे गृहीत.

क्रोशा टाका सांभाळतो, मोजणी सांभाळत नाही. "छत्तीस, सदतीस..." "अगं, शिट्ट्या किती झाल्या?" "अडतीस." हे संभाषण ज्या घरात झालं नाही तिथे एक तर क्रोशा नाही किंवा कुकर नाही. उपाय बांगडीतच अडकवलेला असतो. दर वीस टाक्यांनी एक सेफ्टी पिन लावायची. पुढे कुणी कितीही हाका मारल्या तरी वीसच्या आतलंच नुकसान. बाहुल्या, ससे वगैरे विणतात ते जपानी पद्धतीचं अमिगुरुमी तर गोगलगाईच्या शंखासारखं फिरत जातं, फेरी कुठे संपली ते दिसतच नाही. तिथे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन हवीच. ती एकदा विसरली की सशाचा एक कान पाठीवर उगवतो.

नवशिक्याने व्हिडिओ लावला की पहिला गोंधळ टाक्यांच्या नावांचा. अमेरिकी बाई ज्याला सिंगल म्हणते त्याला ब्रिटिश पुस्तक डबल म्हणतं आणि अमेरिकेचं डबल ते ब्रिटनचं ट्रेबल. कपाटातली जुनी पुस्तकं बहुधा ब्रिटिश वळणाची आणि फोनवरचे व्हिडिओ बहुधा अमेरिकी, त्यामुळे सासूबाईंच्या पुस्तकातला रुमाल सुनेच्या हातून दुप्पट उंचीचा होतो. आपल्याकडे साखळी, मुका खांब, खांब असे शब्द आहेत. मुका म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता घातलेला, बुटका. खांब म्हणजे एक वेढा घेऊन उभा केलेला. यात गैरसमजाला जागाच नाही, तरी आपण "डीसी की एससी", म्हणजे डबल की सिंगल, करत बसतो.

सुरुवात कपाखालच्या गोलाने करावी. आठ पदरी सुती दोरा, साडेतीन मिलिमीटरची सुई. सुतीच घ्यावा, ॲक्रिलिक लोकर स्वस्त आणि रंगीत असते खरी, पण गरम भांड्याखाली ती मऊ पडून वितळते. चार साखळ्यांची कडी करून तिच्यात बारा खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, झाले चोवीस. तिसरीत एकाआड एक दोन, म्हणजे छत्तीस. चौथीत दोन सोडून तिसऱ्यात दोन, अठ्ठेचाळीस. फेरी सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या हाही एक खांबच धरायचा. साधारण १० सेंटीमीटरचा गोल होतो. मुक्या खांबाने केला तर सहा, बारा, अठरा, चोवीस. तो खांब बुटका म्हणून प्रत्येक फेरीला वाढ निम्मी.

गोल सपाट बसला पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा. वाढ कमी पडली की कडा वर येऊन वाटी होते. मग "टोपीच करायची होती" असं सांगता येतं, सांगतातच. वाढ जास्त झाली की कडेला झालर सुटते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी, आणि दाबून बसवायला जावं तो दुसरीकडून उठते. या चुकीला मात्र मोठं घराणं आहे. भूमितीत हायपरबोलिक प्रतल म्हणून एक प्रकार असतो, सगळीकडून असाच झालरीसारखा वळ्या पडलेला. कागदाचे त्याचे नमुने हाताळताच फाटायचे. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितीबाईंनी ते क्रोशाने विणलं, दर ठरावीक टाक्यांनंतर मुद्दाम एक जादा टाका घालून. तेव्हा झालर सुटली की उसवण्याआधी थोडा वेळ बघत बसायला हरकत नाही.

चौकोन त्याहून कपटी. तीस खांबांनी सुरू केलेला रुमाल पंधराव्या ओळीला बाविसावर येतो आणि समोसा दिसायला लागतो. कारण एकच: ओळ वळवताना घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, आणि परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यात घालायचा राहून जातो. खालची कड धनुष्यासारखी आवळली असेल तर दोष साखळीचा. पायाची साखळी अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने घालावी. आणि एकाच रुमालात पाच ओळी घट्ट, पाच सैल दिसल्या तर त्या दिवशी घरात काय झालं ते आठवून पाहावं. भांडणाचा हात घट्ट येतो, फोनवर बोलतानाचा सैल.

उसवलेला दोरा शिजवलेल्या नूडल्ससारखा कुरळा होतो. तसाच पुन्हा विणला तर टाके वाकडेतिकडे बसतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, पाण्यात बुडवून खाली एक छोटं कुलूप अडकवून दोरीवर टांगायची. मुंबईत ऑक्टोबरात एका दुपारीत वाळते, जुलैत तीन दिवस लागतात आणि त्याला घरभराच्या मोज्यांचा वास लागतो.

लडीवरून आठवतात ते लडी धरणारे हात. पूर्वी दोरा गुंड्यात नाही, लडीत यायचा आणि गुंडा करायला घरातलं लहान मूल पकडलं जायचं. दोन्ही हात पुढे, अंगठे वर, त्यावर लडी, समोर पाटावर आजी. हात डावीकडे-उजवीकडे झुलवत राहायचे म्हणजे दोरा अडकत नाही. नेमकी तेव्हाच नाकाला खाज येते, नेमका तेव्हाच खालून मित्र हाक मारतो. बिगारीचं काम होतं, पण आजी त्या वेळी जे बोलायची ते एरवी बोलायची नाही. तिच्या माहेरची अर्धी माणसं अशीच दोऱ्याच्या टोकाने घरात आली. आता तयार गुंडे मिळतात.

त्या काळी घरात उघडी वस्तू राहत नसे. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, काळ्या फोनवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेला रुमाल. रुखवतात तर तोरणापासून विणलेल्या हंसापर्यंत सगळं पांढऱ्या दोऱ्याचं, साबुदाण्याच्या खळीने उभं केलेलं. खळ पातळच हवी, दाट झाली की वाळल्यावर पांढरे पापुद्रे सुटतात. ओल्या रुमालाला चटईवर टाचण्या लावून ताणायचं, त्या स्टीलच्याच. मुंबईच्या दमट हवेत साध्या टाचण्यांचे गंजाचे ठिपके पडतात आणि निघत नाहीत. खळ घातलेला रुमाल पावसाळ्यात कपाटात ठेवू नये. बुरशी आणि झुरळं दोघांनाही तो आवडतो. धुवून, खळ काढून ठेवावा, दिवाळीला परत घालावी.

असल्या बारीक कामाला २० नंबरचा दोरा आणि सव्वा ते दीड मिलिमीटरची स्टीलची सुई लागते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हे दुकानात गेल्यावरच कळतं, बहुधा चुकीचा घेतल्यावर. रंगीत घेतला तर लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवणीच्या खेपेचा, जुळवून लागेल तेवढा एकदमच घ्यावा. दादरच्या किंवा भुलेश्वरच्या दुकानात ट्यूबलाइटखाली दोन निळे सारखेच दिसतात. घरी खिडकीत धरले की एक आकाश आणि एक शाळेचा गणवेश.

आणि रस्त्यावर क्रोशाचा टॉप दोनशेला दिसला तर घासाघीस करण्याआधी उलटून पाहावा. खरा क्रोशा अजूनही यंत्रावर होत नाही. तसा दिसणारा असतो तो यंत्रावर विणलेल्या जाळीचा. खरा असेल तर कुठल्यातरी बाईने एकेक टाका हातानेच घातलेला आहे, कदाचित आंध्रातल्या नरसापूरला, जिथे हे काम घरोघरी चालतं. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी तिथूनच पुढे समुद्राला मिळते.

मुंबईच्या घामात मांडीवर लोकरीचं पांघरूण घेऊन विणणं ही शिक्षा आहे. म्हणून इथे सुटे चौकोन बरे. तळहाताएवढा एक झाला की बाजूला, शेवटी सगळे जोडायचे. बोरिवली ते चर्चगेट स्लो गाडीत एक होतो, तिघांच्या बाकावर चौथं बसूनसुद्धा, कारण याला कोपर लागत नाही, मनगट पुरतं. गुंडा पर्सच्या आत, चेन दोन बोटं उघडी. मे महिन्यात सुई घामाने चिकटते तेव्हा बोटांना जराशी टाल्कम पावडर लावावी. दोरा मळतही नाही.

तरीही याच गावात, जिथे थंडी आठवडाभर येते आणि तीही पहाटेची, घरात बाळ येणार म्हटलं की पहिली लोकर येते. टोपी, मोजे, कुंची. बाळ मार्चमध्ये होणार असलं तरी.

अशातलाच एखादा मोजा जुन्या ट्रंकेत निघतो. जोडीतला दुसरा, टाचेपर्यंत आलेला, सुई अजून फासात, गुंडा शेजारी. विणणारी नसते. टाका उघडा आहे म्हणजे पुढे विणता येतं, काही तोडावं लागत नाही. जुना दोरा आधी दोन बोटांत ओढून पाहावा, कुजला असेल तर तुटतो. मग आपल्या हाताने चार ओळी घालून टाके जुळतात का बघावं. आपला हात सैल असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यावी, घट्ट असेल तर मोठी. एवढं करूनही तिचा हात जिथे थांबला आणि आपला सुरू झाला तिथे एक रेघ दिसते. धुतल्यावर थोडी कमी होते.